पियानोला कुलर

अमूनं दोन्ही तळवे पियानोवर आपटले तेव्हा सात-आठ पट्ट्या एकदम खाली गेल्या, आणि त्यातल्या चार वर आल्याच नाहीत.

अकरा महिन्यांच्या मुलीच्या हातात पियानो मोडण्याइतका जोर नसतो हे तिच्या आईला, हिमानीला, कळत होतं, पण कळणं आणि वाटणं यांत तिच्या बाबतीत नेहमीच अंतर पडायचं. तिनं अमूला कडेवर घेतलं आणि नखानं एक पट्टी वर केली. ती वर राहिली. पुन्हा दाबली, तर खाली बसली ती बसलीच. आणि ती खाली होती तोवर पियानोच्या पोटातून एक जाड सूर घुमत राहिला.

शुक्रवार होता. दुपारच्या गाडीनं सासऱ्यांची धाकटी बहीण, दमूआत्या, मुंबईहून येणार होत्या, या वेळी कायमच्या. पियानो बारा दिवसांपूर्वीच आला होता, गोधड्यांत गुंडाळलेला, ट्रकमधून. सोबत आत्या आणि मुंबईचा ट्यूनर आले होते, ट्यूनरनं दिवसभर बसून तारा लावून दिल्या आणि आत्या त्याच्याबरोबरच तिकडचं घर आवरायला परत गेल्या. उद्या सकाळी दहाला याच खोलीत त्यांचं गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं. मंगळवारी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. गाठ साधी आहे, डॉक्टर म्हणाले होते, पण आवाजाची नस तिला अगदी लागून जाते. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना काही होत नाही. घरानं पंच्याण्णव धरले. आत्यांनी पाच धरले आणि हिमानीच्या दिराला, मिहिरला, पुण्याला फोन केला, तुझी यंत्रं घेऊन ये.

मागच्या दारातून तिचे सासरे वैजनाथराव दोन बादल्या घेऊन आत आले. गेले बारा दिवस ते असेच येत होते. सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी एक. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी पाण्याच्या पाळ्या ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. खिडकीत बसवलेल्या कुलरचं झाकण काढून त्यांनी पहिली बादली आत ओतली. वाळ्याच्या ओल्या वासानं खोली भरली.

"बाबा," हिमानी म्हणाली, "जरा इकडं बघता का?"

त्यांनी पाहिलं. एक पट्टी दाबली, मग तिच्या शेजारची. मग दुसरी बादली तशीच भरलेली हातात घेऊन उभे राहिले, जणू ती कुठं ठेवायची असते हेच विसरले होते.

मिहिर चहाचा कप घेऊन आला आणि त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग खाली वाकून पट्ट्यांमधल्या फटी पाहिल्या. एकोणीस पट्ट्या अडकत होत्या.

"हा कुलर इथं कुणी लावला?"

कुलर तेवढा घरघरत होता.

"कोण लावणार?" सासूबाई, दीपमालाबाई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "बारा दिवस झाले. लेकरू घामोळ्यानं लाल झालंय, आणि कुलर कुणाला? लाकडाच्या पेटाऱ्याला. मी विचारलं तर म्हणे, पाहुणा आहे, बेचाळीस डिग्रीत ठेवायचा का?"

"ट्यूनरनं सांगितलं होतं," वैजनाथराव म्हणाले. "गारव्यात ठेवा म्हणाला."

"बाबा, गारव्यात म्हणजे ऊन लागू देऊ नका. मुंबईचा माणूस तो, त्याला काय माहीत आपल्याकडं गारवा म्हणजे कुलर. हा अर्धं पाणीच फेकतो बाहेर. लाकूड प्यायलंय सगळं," मिहिर म्हणाला.

हिमानीनं अमूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. अमू गेले पाच दिवस दुपारची इथंच झोपत होती, कारण साऱ्या घरात तिची घामोळी शांत होईल अशी ही एकच जागा होती. कुलरमधलं पाणी संपत आलं की हिमानी स्वतः तांब्या-तांब्यानं भरायची. खिडक्याही तिनंच लावून घेतल्या होत्या, गारवा जाऊ नये म्हणून. हे आत्ता सांगायला हवं, असं तिला वाटलं. तिनं अमूच्या झबल्याची नाडी पुन्हा बांधली.

हिमानीच्या नवऱ्यानं, सुयशनं, तोडगा काढला. आत्यांना सांगायचं, लाकूड आहे, हवा बदलली, फुगलं. त्यावर मिहिर म्हणाला की आत्याला पियानो चाळीस वर्षं माहीत आहे. मग सुयश म्हणाला, अमूचं नाव सांगू, तिला कोण बोलणार आहे.

"तिचं नाव घ्यायचं नाही," हिमानी म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की अमूनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

सगळे अजून बोलतच होते तेव्हा वैजनाथरावांनी हातातली बादली खाली ठेवली, कुलरचं बटण बंद केलं, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. कुठं जाता, असं दीपमालाबाईंनी विचारलं.

फाटक वाजलं तसा दीपमालाबाईंचा सूरच बदलला. "आता यावरून त्यांना कुणी एक शब्द बोलायचा नाही," त्या मुलांना म्हणाल्या, जणू इतका वेळ दुसरंच कुणी बोलत होतं. हिमानीला त्यांनी धपाट्यांचं पीठ मळायला आत बोलावलं आणि तिथं, गॅसच्या आवाजाआड, सांगितलं. घरात हे कुणी बोलत नसे. दमूआत्यांची, म्हणजे दमयंतीची, पेटी होती, हार्मोनियम. वडिलांच्या, अण्णांच्या, कीर्तनाला ती साथ करायची. पुढं हॉटेलात पियानो वाजवायला, गायला लागली. त्याच महिन्यात वैजनाथसाठी वैजापूरहून स्थळ आलं, आणि वैजापूरच्या लोकांनी विचारलं, मुलाची बहीण हॉटेलात गाते म्हणतात, व्हय का?

"मग?"

"मग काय. एक दिवस ती घरी आली तर पेटीच्या जागी नुसतं फडकं पडलेलं. यांनी नेऊन दिली होती दुकानात. आठ दिवसांत ती मुंबईला निघून गेली." दीपमालाबाईंनी पिठात तिखट टाकलं, जरा जास्तच. "वैजापूरचं स्थळ म्हणजे मी. मला हे लई उशिरा कळलं. आणि आता बघ. दुसऱ्यांदा तिचं वाद्य गेलं, अन् पुन्हा याच माणसाच्या हातनं. तिला काय वाटंल?"

*

गुलमंडीला वैजनाथराव वर्षातून दहादा यायचे, पण त्या गल्लीच्या तोंडाशी आले की पलीकडच्या बाजूनं जायचे. आज ते सरळ आत शिरले. दुकान तिथंच होतं. पाटी बदलली होती आणि गादीवर म्हातारा बसायचा तिथं आता त्याचा मुलगा फकिरा बसला होता. त्याचीही दाढी पांढरी झाली होती. समोर एका हार्मोनियमचा भाता उघडा पडला होता.

"आओ इंजिनेरसाब," फकिराभाई मान वर न करता म्हणाला. "आते बोलके मालूम था मेरेकू. जरा चालीस बरस लेट हुए, बस."

वैजनाथराव पायरीवरच बसले. ओळखलं कसं, असं त्यांनी विचारलं, तर फकिराभाई म्हणाला की चालीवरनं. त्या दिवशी पेटी ठेवून जाताना इतकं भराभर चालणारा माणूस त्यानं पुन्हा पाहिला नव्हता.

"तिचं काय झालं पुढं? विकली?"

"नै. अब्बा म्हणाले, ही वस्तू देणाऱ्यानं रागात दिलीय, ती विकायची नसते. फळीवर ठेवली. दोन बरस ठेवली." त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. "मग एक दिवस बंबईहून बाई आल्या. घेऊन गेल्या. तुमकू नै बोले?"

दमू दोन वर्षांनी या शहरात आली होती. या गल्लीपर्यंत. इथून घर रिक्षानं पंधरा मिनिटांवर होतं. आई तेव्हा होती. सुयश नुकताच झाला होता.

"इतक्या लांब आली," वैजनाथराव म्हणाले.

"हौ. चाय पिऊन गेल्या. रडल्याबी थोड्या."

मग त्यांनी पियानोचं सांगितलं. कुलरचं, पाच बादल्यांचं, उद्याच्या दहा वाजताचं, मंगळवारचं. फकिराभाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्यानं आयुष्यात पियानो कधी उघडलेला नाही. मग उठून त्यानं भिंतीवरची पिशवी काढली. पक्कड, पॉलिश पेपर, शंभर वॉटचा एक जुना बल्ब आणि वायर.

"पट्टी तर पट्टीच असते ना साब," तो म्हणाला. "आणि लाकडाला पाणी लागलं की काय करायचं, हे दोघांचं एकच."

*

स्टेशनपासून घरापर्यंत सुयश सलग बोलत होता, त्यावरूनच दमयंतीला कळलं की काहीतरी लपवलं जातंय. चाळीस वर्षं हॉटेलांच्या लाउंजमध्ये काढलेल्या बाईला हे कळतं. समोरच्या टेबलावरचं जोडपं गरजेपेक्षा जास्त हसायला लागलं की समजावं, भांडण झालंय. मग ती पुढचं गाणं त्या एकाच टेबलासाठी गायची. बाकीच्यांना वाटायचं, सगळ्यांसाठी आहे.

बाविसाव्या वर्षी तिनं सुरुवात केली ती याच शहरात. अजिंठा पाहून दमून आलेले परदेशी पाहुणे संध्याकाळी हॉटेलच्या लाउंजमध्ये पाय पसरून बसत आणि कोपऱ्यात ही मुलगी, छावणीतल्या शाळेत बाईंकडून चोरून शिकलेला पियानो वाजवी. मग मुंबई. मग चार वर्षं जहाजावर. बँकॉक, कलकत्ता, पुन्हा मुंबई. आईच्या ओव्या तिनं पियानोवर पहिल्यांदा घेतल्या त्या जहाजावर. समुद्र खवळला होता, लाउंज रिकामा होता, ती आणि मनिलाचा एक बारमन एवढेच जागेवर होते. तिनं डाव्या हातात जॅझची एक चाल धरली, जात्यासारखी जड, फिरून फिरून तिथंच येणारी, आणि वरून आईची ओवी सोडली. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीला तिनं तो कापू दिला. बारमनला एक शब्द कळला नाही, पण त्यानं ग्लास पुसायचे थांबवले. तेवढ्या थांबण्यावर दमयंतीची पुढची तीस वर्षं गेली.

साठीनंतर तरुण मुलं ऐकायला येऊ लागली, तिचे व्हिडिओ फोनाफोनांवर फिरले, पुण्यात आणि बंगळुरात तिकिटं लावून कार्यक्रम झाले. या शहरात मात्र एकदाही नाही. इथून कुणी बोलावलंच नाही, असं ती सांगायची. खरं म्हणजे दोनदा बोलावलं होतं.

व्हरांड्यात चादर पसरली होती आणि तिच्यावर तिचा पियानो पट्ट्या-पट्ट्यांनी मांडला होता, प्रत्येक पट्टीवर खडूनं आकडा. एखाद्याचे दात ओळीनं काढून ठेवावेत तसं ते दिसलं. एक पांढऱ्या दाढीचा माणूस बल्बच्या उबेत एकेक पट्टी घासत होता. तो उठून उभा राहिला आणि त्यानं छातीवर हात ठेवला. तिनं त्याला ओळखलं.

सुयश म्हणाला, लाकूड आहे, हवा बदलली. दीपमाला म्हणाली, वन्सं, यंदाचा उन्हाळाच असला आहे की माणसं फुगली, लाकडाचं काय. मिहिर म्हणाला, आत्या, बऱ्याचशा सुटल्यात. हिमानी तोंड उघडून पुन्हा मिटत होती. तिघं एकाच वेळी इतक्या प्रेमानं खोटं बोलत होती की दमयंतीला हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात वैजनाथ मधल्या दारातून पुढं आला.

"दमू, मी केलं."

सुयशनं हातातली बॅग खाली ठेवली.

"बारा दिवस कुलर लावला. पाणी मीच घातलं, कुणी सांगितलं नव्हतं." तो खांबाला धरून उभा होता. "आणि पेटीचं. तेव्हा मी अण्णांचं नाव पुढं केलं. अण्णा नुसते रागावले होते. नेली मीच. ती मुद्दाम नेली होती, दमू. हे मुद्दाम नाही."

चव्वेचाळीस वर्षं. तिनं कितीतरी हॉटेलांच्या खोल्यांत या वाक्याची वाट पाहिली होती आणि त्यावर काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. चांगलं लागेल असं होतं. आता ते तोंडात आलं नाही. ती वाकली आणि चादरीवरची एक पट्टी उचलून तिनं बोटांनी चाचपली. अजून दमट होती.

"पाणी कुठलं घातलंस?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो. वहिनी मला फोनवर सांगायच्या, भांडीसुद्धा मोजून पाण्यात घासतो. रोज पाच बादल्या तू कुठून आणल्यास?"

वैजनाथनं फरशीकडं पाहिलं. अंगणातला मोगरा तिला येतानाच दिसला होता, पार वाळून गेलेला. त्याच्या हातचा मोगरा कधी वाळत नसे.

"अगं बाई," दीपमाला म्हणाली. "म्हणून हा माणूस बारा दिवस तांब्याभर पाण्यात आंघोळ करून बाहेर येतोय. मला वाटलं, वय झालं, थंडी वाजत असंल."

"मेमध्ये?" मिहिर म्हणाला.

"मी काय आत जाऊन बघते का?"

"दुपारचं मीही घातलं," हिमानी एकदम म्हणाली. "अमू झोपावी म्हणून. खिडक्यापण मीच लावल्या. सकाळपासून सांगायचं होतं, आत्या. बाबा एकटेच ऐकून घेत होते आणि मी गप्प बसले."

दमयंती त्या मुलीकडं पाहत राहिली. पोर हिच्या कडेवर, घामोळीवर पावडर थापलेली, आणि ही अशी उभी, जणू आता घराबाहेर काढणार. मग ती हसली. हसताना गाठीपाशी दुखलं, म्हणून गळ्यावर हात ठेवून हसली.

"म्हणजे माझ्या पियानोनं बारा दिवस दादाच्या आंघोळीचं पाणी प्यायलं," ती म्हणाली. "आणि अमूनं अंगाई त्याच्या शेजारी ऐकली. बरं. जेवायला वाढा आधी. फकिराभाई, तुम्हीपण बसा."

जेवणं झाल्यावर काम पुन्हा सुरू झालं. फकिराभाई घासायचा, मिहिर बल्बाखाली सुकवायचा, सुयश आकडे पाहून पट्ट्या जागेवर लावायचा आणि तो चुकला की दमयंती आतून सांगायची. सहाच्या सुमारास सगळ्या पट्ट्या तोंडात बसल्या. तिनं वाजवून पाहिलं. एकोणीसपैकी अठरा सुटल्या होत्या.

उरलेली एक खर्जातली होती, फकिराभाईच्या भाषेत पांढरी चार. दाबली की खालीच बसायची आणि सूर घुमत राहायचा. तिचं दुखणं पट्टीत नाही, आतल्या सांध्यात आहे, तो म्हणाला. उघडता येईल, पण मोडलं तर त्याला जोडता येणार नाही. तो खोटं बोलणार नाही.

सुयश कुठून तरी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणतो म्हणाला. मिहिरनं विचारलं, स्वर बदलून गाता येईल का, एक पट्टी वर. दमयंतीनं मान हलवली. वर गेलं की गाठ दाबायची. तिचा आवाज आता तिथंच राहत होता, त्या चारपाशी, आणि डावा हात दर फेरीला फिरून तिच्यावरच येत होता.

ती बराच वेळ ती एकच पट्टी दाबत होती आणि नखानं उचलत होती.

"दादा," तिनं शेवटी हाक मारली. "धरणावर दरवाजे उचलायचास ना?"

"मी कुठं, ऑपरेटर उचलायचा. मी सांगायचो कधी आणि किती."

"तेच पाहिजे मला. उद्या दहाला ये. आणि आंघोळ करून ये. बादलीभर पाण्यानं."

*

शनिवारी पंखे बंद होते, खिडक्या बंद होत्या, कुलर उचलून शेजाऱ्यांच्या अंगणात नेऊन ठेवला होता. दीपमालाबाईंनी कुकर लावायचा नाही असं स्वतःलाच बजावलं होतं. हिमानी दाराशी जमिनीवर बसली होती, अमू मांडीवर. तिला बाहेर घेऊन जाते, असं ती तीनदा म्हणाली होती. आत्यांनी तीनदा नको म्हटलं होतं.

वैजनाथराव पियानोच्या डाव्या टोकाला स्टुलावर बसले. केस ओले होते, अंगात इस्त्रीचा सदरा. उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांनी पांढऱ्या चारच्या ओठाखाली धरलं होतं.

"मी दाबते. माझं बोट निघालं की मग तू उचलायचं," आत्या म्हणाल्या.

"किती वेळानं?" वैजनाथरावांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू? ऐक आणि ठरव."

पहिल्या खेपेला त्यांनी इतक्या घाईनं उचलली की सूर लागायच्या आत मेला. मिहिरनं हात वर करून थांबवलं. दुसऱ्यांदा आत्यांचं बोट अजून पट्टीवर असतानाच उचलली आणि आत्यांनी गाता गाताच त्यांच्या हातावर चापट मारली. अमू हसली. तिसऱ्यांदा सगळं नीट चाललं होतं, पण चौथ्या फेरीला वैजनाथराव उचलायचंच विसरले. सूर पुढच्या सुरात सांडला.

"काय झालं, बाबा?" मिहिरनं विचारलं.

"ऐकत होतो," ते ओशाळून म्हणाले.

आत्यांनी पट्ट्यांवरून हात काढला. हिमानीला त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता. चव्वेचाळीस वर्षांत या माणसानं त्यांचं गाणं एकदाही समोर बसून ऐकलं नव्हतं, हे तिला आईंनी काल पीठ मळताना सांगितलं होतं.

"कालव्याला पाणी सोडता तसं करा," दीपमालाबाई मागून पुटपुटल्या. "आधी शेवटच्या शेतापर्यंत जाऊ द्या, मग बंद करा."

कुणी हसलं नाही. वैजनाथरावांनी मान हलवली, जणू इतक्या वेळात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना कळेल असं बोललं होतं.

चौथ्यांदा आत्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. डावा हात संथ फिरू लागला, जड, एका जागी परत येणारा. पांढरी चार वाजली, घुमली, आणि जिथं हिमानीला वाटलं आता पुरे, नेमकी तिथं वैजनाथरावांनी ती उचलली. पुन्हा आली. या वेळी थोडी जास्त घुमू दिली. आत्यांनी डोळे उघडून त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि डावा हात त्या घुमण्याच्या मागं थोडा रेंगाळवला. मग त्या गाऊ लागल्या. आवाज खरखरीत होता, काठाशी झिजलेला, आणि इतका जवळचा की हिमानीला वाटलं, आपल्याला एकटीलाच काहीतरी सांगताहेत.

सरलं गं दळण, जातं थांबंना हाताला,
कसा धाडू मी निरोप माहेराच्या वाटंला.

दुसऱ्या ओळीला आवाज कापला. त्यांनी तो कापू दिला. दीपमालाबाईंनी पदर तोंडावर धरला. हिमानीच्या मांडीवर अमू रडत नव्हती; तिनं तोंडात घातलेली मूठ तशीच ठेवली होती आणि ती पियानोकडं पाहत होती, गेले पाच दिवस आपण जिच्याशेजारी झोपलो ती वस्तू अशी बोलते होय, अशा नजरेनं. हिमानीला आठवलं, सकाळपासून आपण एकदाही मंगळवारचा विचार केला नाही. आणि लगेच तो आलाच. शंभरातले पाच. हा आवाज मंगळवारनंतर असेल किंवा नसेल. तिनं अमूच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

ओवी तीनदा फिरून आली. शेवटच्या फेरीला उजवा हात थांबला, गाणं थांबलं, आणि आत्यांच्या डाव्या करंगळीनं पांढरी चार एकदाच, हलकेच दाबली. करंगळी निघाली. आता उचलायची.

वैजनाथरावांनी उचलली नाही.

मिहिरनं त्यांच्याकडं पाहिलं. त्याचा हात अर्धा वर आला होता, तो त्यानं तसाच धरला. सूर घुमत होता. बंद खोलीत, घामाच्या वासात, तो भिंतीपर्यंत गेला आणि परत आला, बारीक होत गेला. संपला असं वाटलं आणि संपला नव्हता. वैजनाथरावांचं बोट पट्टीखाली होतं, पण ते त्यांनी हलवलं नाही. आत्या मान खाली घालून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. अमूनं तोंडातली मूठ काढली आणि अगदी हळू "आ" म्हटलं. हिमानी दचकली. मिहिरनं मान हलवली, असू दे.

सूर कुठं संपला ते कुणालाच नीट कळलं नाही. खोली नुसतीच शांत होती, मग आणखी शांत झाली.

"दादा," दमूआत्या म्हणाल्या, "उचल आता."